कापून टाकायच्या तुकड्यातलं एक अक्षर

शेवंती_क | रविवार, रात्री ९:५०

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, एकवीस वर्षं झाली. आरएनए स्प्लायसिंग हा आमच्याकडे दोन मार्कांचा प्रश्न. जनुकाची आधी सगळीच्या सगळी आरएनए प्रत निघते, त्यातले इंट्रॉन कापले जातात, एक्झॉन जोडले जातात आणि तयार एमआरएनए केंद्रकाबाहेर पडतो. आकृतीला एक मार्क. मी वर्गात कायम सांगत आले की इंट्रॉन म्हणजे शेंगांची टरफलं. दाणे ठेवायचे, टरफलं फेकायची.

गेल्या गुरुवारी नणंदेच्या मुलीचा फोन आला. तिला अकरावा आठवडा चालू आहे. "मामी, थॅलेसेमिया मायनर आहे म्हणतायत. रिपोर्टवर लिहिलंय आयव्हीएस एक-पाच, जीचा सी. म्हणजे काय गं?"

मायनर म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली. आयव्हीएस म्हणजे इंटरव्हीनिंग सिक्वेन्स, इंट्रॉनचं जुनं नाव. पहिला इंट्रॉन, त्यातलं पाचवं अक्षर, जी च्या जागी सी (आरएनएची अक्षरं चारच: ए, यू, जी, सी). थोडक्यात, चूक टरफलात आहे. सावकाश सांगते म्हणून फोन ठेवला आणि मग स्वतःच्याच उपमेपाशी अडले. टरफल फेकूनच द्यायचं असेल तर त्यावरच्या डागाने दाणा का किडावा? तीन दिवस पुस्तकं काढून बसलेय. जे उमगलं ते मांडते, चुकलं तर कान धरा.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक अगदी लहान, साधारण १६०० अक्षरांचं. त्यात तीन एक्झॉन आणि दोन इंट्रॉन. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५० चा. म्हणजे ९८० अक्षरं उडवायची आणि सव्वासहाशे ठेवायची. ठेवलेली अक्षरं पेशी तीन-तीनच्या गटात वाचते. मधे ना स्वल्पविराम, ना मोकळी जागा. माझ्या वर्गातलं वाक्य देते, प्रत्येक शब्द तीन अक्षरी आहे:

रमण फणस चिरत बसला

यातला "म" गळला आणि वाचणारा तरीही तीन-तीननेच वाचत गेला तर: रणफ, णसचि, रतब, सला. एक अक्षर गेलं आणि ना रमण राहिला ना फणस. कात्री एका अक्षराने इकडेतिकडे झाली तरी हेच होतं. त्यात भर म्हणजे बीटा ग्लोबिनचा पहिला इंट्रॉन दोन शब्दांच्या मधे नाही, एका शब्दाच्या पोटात आहे. तिसाव्या शब्दाची दोन अक्षरं इंट्रॉनच्या अलीकडे आणि तिसरं १३० अक्षरं पलीकडे. तरी पेशी दिवसरात्र हा सांधा अचूक जुळवते.

आता कुठे कापायचं हे कळतं कसं? जवळजवळ प्रत्येक इंट्रॉन जी-यू ने सुरू होतो आणि ए-जी वर संपतो. पण नुसती दोन अक्षरं काय, जागोजागी सापडतील. म्हणून सुरुवातीला जी-यू च्या पुढची चार अक्षरंही तपासली जातात. शेवटाकडे ए-जी च्या आधी यू आणि सी यांची रांग लागते, आणि तिच्याही थोडं आधी, शेवटापासून साधारण १८ ते ४० अक्षरं अलीकडे, एक ठरावीक ए असतो. खरी करामत त्या ए ची. तो वळून इंट्रॉनच्या पहिल्या जी ला चिकटतो, तशी मागची साखळी तुटते आणि इंट्रॉनचा फास तयार होतो, गुराख्याच्या दोरीसारखा. मग सुटा झालेला पहिला एक्झॉन आपल्या मोकळ्या टोकाने दुसऱ्या एक्झॉनच्या सुरुवातीवर झेप घेतो. ते दोघे जुळतात आणि फास गळून पडतो.

म्हणजे कुठे कापायचं याच्या बहुतेक खुणा कापून टाकायच्या तुकड्यावरच छापलेल्या! ब्लाउज बेतताना आपण शिवणीबाहेर माया ठेवतो. खाचा मारायच्या त्या मायेवर, अंगावरच्या कापडाला कोणी खाच मारत नाही. मायेवरची खाच चुकली की ब्लाउज फसला, माया नंतर कापून टाकली तरी. भाचीच्या रिपोर्टमधलं पाचवं अक्षर हे त्या सहा अक्षरी खुणेतलंच.

तिचा नवरा ऑफशोअरला, बॉम्बे हायच्या रिगवर आहे. तो शुक्रवारी उतरेल, मग त्याची तपासणी. दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता मेजरची, म्हणजे बाळाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. घरात कोणी बोलत नाहीये. म्हणून इथे बोलतेय.

तांबडा_रस्सा | रविवार, रात्री १०:१२

वाचनखूण साठवली. मायेचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली हिला शिवण येतं.

एक बाळबोध शंका. आधी भारंभार लिहायचं आणि मग कापत बसायचं, हा उद्योग कशाला? मुळात साफ प्रत का नाही ठेवली?

चार्ल्सकाठचा | रविवार, रात्री ११:३५

शेवंतीताई, बोस्टनकडे आरएनएच्याच लॅबमध्ये असतो. कान धरण्यासारखं काही नाही, उलट मायेची उपमा उद्या ग्रुप मीटिंगमध्ये ढापणार आहे.

रस्साभाऊ, ही शंका बाळबोध नाही. १९७७ पर्यंत जगभरच्या जीवशास्त्रज्ञांची हीच समजूत होती की प्रत साफच असते. कारण तोवरचं बरंचसं ज्ञान जिवाणूंवरून आलेलं आणि जिवाणूंची जनुकं बहुतेक सलगच असतात. मग सर्दी करणाऱ्या अॅडिनोव्हायरसवर दोन गट काम करत होते, फिलिप शार्प यांचा एमआयटीत आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांचा कोल्ड स्प्रिंग हार्बरला. विषाणूचा तयार एमआरएनए त्याच्याच डीएनएला चिकटवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला. दोन्ही धागे टोकापासून टोकापर्यंत जुळायला हवे होते. पण दिसलं काय, तर डीएनएचे मोठे फुगे मधेच बाहेर लटकताहेत, कारण त्यांना जोडीदारच नाही. तेवढा मजकूर एमआरएनएमध्ये नव्हताच! पुढच्या वर्षी वॉल्टर गिल्बर्ट यांनी इंट्रॉन आणि एक्झॉन ही नावं दिली. नोबेल १९९३ मध्ये शार्प आणि रॉबर्ट्स यांना मिळालं. मायक्रोस्कोपवर प्रत्यक्ष हे फुगे टिपणाऱ्यांत कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या लुईस चाव आणि एमआयटीच्या सुझन बर्जेट होत्या. त्या यादीत नाहीत. आमच्याकडे हा विषय निघाला की चहा थंड होतो.

"कशाला" चं एक उत्तर असं की तुकडे असले की ते वेगवेगळ्या तऱ्हेने जोडता येतात. माणसाची प्रथिनांची जनुकं सुमारे २० हजार, पण एकापेक्षा जास्त एक्झॉन असलेल्या जनुकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जनुकं एकाहून जास्त प्रकारे सांधली जातात. फळमाशीचं डीस्कॅम नावाचं एकच जनुक ३८,०१६ प्रकारे जोडता येऊ शकतं. माशीची एकूण जनुकं त्याच्या निम्मीही नाहीत.

ओएफसीवाला | सोमवार, सकाळी ७:०५

नाव वाचून धागा उघडला. मी रोज स्प्लायसिंग करतो, पण ऑप्टिकल फायबरचं. :) जेसीबीने केबल तोडली की आम्हाला फोन. फायबर सोलायची, आयसोप्रोपिलने पुसायची, क्लीव्हरने काटकोनात कापायची, मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर, मग आर्क, म्हणजे विजेच्या ठिणगीने टोकं वितळवून जोडायची. टोक केसभर जरी तिरकं कापलं गेलं तरी लॉस दाखवतं.

ताई, तुमच्या गोष्टीत मला एक खटकलं. पहिली कात्री मारली की पहिल्या तुकड्याचं टोक मोकळं झालं. ते वाहून जात नाही का? आम्ही कापायच्या आधी दोन्ही बाजू ट्रेमध्ये अडकवून ठेवतो, नाहीतर टोक शोधत बसा.

दुसरं, आमच्या आर्कला बॅटरी लागते. पेशी कसली बॅटरी वापरते?

अनुस्वार | सोमवार, सकाळी ८:४०

चर्चा उत्तम, पण स्प्लायसिंगला मराठी शब्द नाही का? "सांधणी" कसा वाटतो? आणि लॅरिएटला फास म्हणण्यापेक्षा सुरगाठ म्हणा.

ओएफसीवाला | सोमवार, सकाळी ८:५२

आम्ही "जॉइंट मारणे" म्हणतो. घ्या.

चार्ल्सकाठचा | सोमवार, सायंकाळी ६:१५

सांधणी आवडला. सुरगाठ नको, कारण ती ओढली की सुटते. ही निरगाठ आहे. त्या ए चे नेहमीचे दोन्ही हात आधीच साखळीत गुंतलेले असतात, म्हणून तो तिसऱ्या, एरवी रिकाम्या असलेल्या हाताने जी ला धरतो. ही गाठ सोडवायला डीबीआर-१ नावाचं वेगळं एन्झाइम लागतं. ते फास उघडतं, मग बाकीची एन्झाइमं त्याची सुटी अक्षरं करतात आणि ती पुन्हा वापरात येतात.

ओएफसीवाले, तुमचे दोन्ही प्रश्न फार नेमके आहेत. पेशीचा ट्रे म्हणजे स्प्लायसिओसोम नावाचं अवाढव्य यंत्र. ते तयार बसलेलं नसतं, प्रत्येक इंट्रॉनवर नव्याने उभं राहतं. त्यात यू-१, यू-२, यू-४, यू-५, यू-६ असे पाच छोटे आरएनए आणि शंभरेक प्रथिनं. यू-१ इंट्रॉनची सुरुवात ओळखतो, यू-२ त्या ए वर बसतो. यू-५ चं काम अगदी तुमच्या ट्रेचं. त्याचा एक वळसा पहिल्या एक्झॉनचं टोक धरून ठेवतो आणि दुसऱ्या एक्झॉनची सुरुवातही तिथेच आणली जाते. म्हणून टोक वाहून जात नाही. यू-१ आणि यू-४ आपलं काम झालं की कापणीच्या आधीच बाजूला होतात. प्रत्यक्ष कापणी-जोडणीच्या केंद्रस्थानी प्रथिन नसून यू-६ आणि यू-२ हे आरएनएच असतात, मॅग्नेशियम हाताशी धरून. थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जिवात असा इंट्रॉन दाखवला होता, जो प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःच स्वतःला कापून बाहेर काढतो. त्या कामासाठी त्यांना १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बॅटरीचं असं: जेवढे बंध तुटतात तेवढेच नवे बनतात, म्हणून कापण्या-जोडण्याला वेगळी ऊर्जा लागत नाही. पण यंत्र उभं करणं, भाग हलवणं, शेवटी मोडून ठेवणं याला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन लागतं. भाडं कात्रीचं नाही, मंडपाचं.

ओएफसीवाला | सोमवार, रात्री ९:२०

समजलं. शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. जॉइंट झाल्यावर आम्ही त्यावर स्लीव्ह चढवून हीटरमध्ये तापवतो. नंतर केबल उघडली की स्लीव्ह बघून कळतं इथे जॉइंट आहे. तुमच्यात असं काही?

चार्ल्सकाठचा | सोमवार, रात्री ११:०२

तुम्ही चुकीच्या क्षेत्रात आहात. किंवा मी.

असतं! जोडापासून वीस-चोवीस अक्षरं अलीकडे प्रथिनांचा एक पुंजका चढवला जातो. एमआरएनए बाहेर पडला की पहिल्यांदा वाचणारा रायबोसोम हे पुंजके पाडत पुढे जातो. समजा, सांधा चुकला, ताईंच्या फणसासारखी अक्षरं सरकली, तर बहुधा लवकरच कुठेतरी "थांब" असा शब्द अवेळी तयार होतो. रायबोसोम तिथे थांबतो आणि पुढे स्लीव्ह न पाडलेले जोड दिसतात. पेशी समजते की हा मजकूर बिघडलेला आहे, आणि तो फाडून टाकते. म्हणून थॅलेसेमियात वेडंवाकडं प्रथिन साठण्यापेक्षा चांगलं प्रथिन कमी पडणं हा मुख्य घोळ होतो.

तर्कटराव | मंगळवार, सकाळी १०:३०

छान चाललंय, पण इंट्रॉनची आरती सुरू व्हायच्या आत एक सांगतो. खुणेची पाच-सहा अक्षरं महत्त्वाची म्हणून अख्खा इंट्रॉन महत्त्वाचा होत नाही. हजारो अक्षरांच्या इंट्रॉनच्या मधोमध एखादं बदललं तर बहुतेक वेळा कोणाला पत्ताही लागत नाही. स्नायूंच्या डिस्ट्रोफिन जनुकाचं बघा. सुमारे २२ लाख अक्षरं, ७९ एक्झॉन आणि तयार संदेश जेमतेम १४ हजारांचा. एक प्रत काढायला १६ तास लागतात. हजारातली सहा-सात अक्षरं ठेवायला ही मजुरी! याला सुबक रचना म्हणणारे मला भेटतात, म्हणून आधीच लिहून ठेवतो. उत्क्रांती ही सरकारी कपाटासारखी असते. फेकायला सवड नाही म्हणून फायली राहतात.

शेवंती_क | मंगळवार, दुपारी १:१०

तर्कटराव, आरती नाही करत. पण टरफल म्हणणं मी सोडलंय. काही इंट्रॉनांच्या पोटात दुसरे छोटे आरएनए असतात. रायबोसोमच्या आरएनएवर खुणा करायला मदत करणारे स्नोआरएनए माणसात बहुतेक इंट्रॉनमधूनच सुटतात. म्हणजे फासातून कामाची वस्तू काढून घेतात आणि मग फास मोडीत. आणि यीस्टमध्ये सहा हजार जनुकं असूनही इंट्रॉन जेमतेम तीनशे आहेत. २०१९ मध्ये ते एकेक करून काढून पाहिले गेले. भरल्या ताटावर यीस्टला फरक पडला नाही, उपासमारीत मात्र इंट्रॉन नसलेलं यीस्ट मागे पडलं. तुमच्या कपाटातल्या काही फायली दुष्काळाच्या आहेत.

तर्कटराव | मंगळवार, दुपारी १:४४

काही फायली. मान्य. कपाट नाही.

विळीवरची | मंगळवार, दुपारी ३:२५

मी दापोलीची कृषी पदवीधर, आता चूल सांभाळते. आमच्या तांदळातही हाच किस्सा आहे. भात मोकळा की चिकट, हे बऱ्याच अंशी अमायलोज या स्टार्चच्या प्रकारावर ठरतं. ते बनवणाऱ्या वॅक्सी जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनची सुरुवात जी-टी (डीएनएत यू च्या जागी टी). जपानी वाणांत त्यातल्या पहिल्याच जी चा टी झालाय. मग सांधणी अडखळते, धड एमआरएनए कमी निघतो, अमायलोज कमी आणि भात चिकट. आपल्याकडच्या बहुतेक इंडिका वाणांत ते अक्षर शाबूत आहे. सुशीला जो भात लागतो तो इंट्रॉनमधल्या एका चुकलेल्या अक्षरामुळे. आपण ज्याला "भात बिघडला" म्हणू, त्यावर त्यांनी अख्खी पाककला उभी केली.

तांबडा_रस्सा | मंगळवार, दुपारी ३:३१

ही माहिती सासूबाईंना दाखवणार. भात चिकट झाला तर इंट्रॉन.

विळीवरची | मंगळवार, दुपारी ३:४०

तुमचा चिकट झाला असेल तर पाणी जास्त झालं. इंट्रॉनवर ढकलू नका.

काचपट्टी | मंगळवार, रात्री १०:१५

पॅथॉलॉजिस्ट आहे, उशिरा पोचलो. शेवंतीताई, आधी भाचीबद्दल. मायनर हा आजार नाही. तिचा स्वतःचा संसार, नोकरी, बाळंतपण यात फार तर हिमोग्लोबिनवर जास्त लक्ष ठेवायचं. भारतात सरासरी शंभरात तीन-चार माणसं अशी वाहक असतात, सिंधी, पंजाबी, कच्छी अशा काही समाजांत जास्त. आयव्हीएस १-५ हा तर भारतात सर्वांत जास्त सापडणारा बदल आहे, महाराष्ट्रातही. प्रश्न फक्त नवऱ्याच्या एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचा. त्यातला एचबी-ए-टू हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या आत असेल आणि पेशींचा आकार नेहमीचा असेल तर काळजी मिटली. वर असेल तरी अकरावा-बारावा आठवडा म्हणजे वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करायला वेळ हातात आहे.

आता धाग्याला धरून. भारतात वारंवार दिसणारे बीटा थॅलेसेमियाचे पाच बदल आम्ही नेहमी आधी शोधतो. त्यातले दोन सांधणीचे आहेत: आयव्हीएस १-५ आणि आयव्हीएस १-१. दुसऱ्यात इंट्रॉनचं पहिलंच जी गेलेलं असतं. तिथे योग्य जागी कात्री लागतच नाही, म्हणून त्या प्रतीतून बीटा साखळी शून्य. १-५ मध्ये अधूनमधून बरोबर कापलं जातं, थोडी साखळी बनते. पण थोडी म्हणजे थोडीच. दोन्ही प्रती तशा असलेल्या मुलाला सहसा वरचेवर रक्त द्यावं लागतं.

चार्ल्सकाठचा | बुधवार, पहाटे ५:५०

याच पाचव्या अक्षराचा हिशेब मांडायचा मोह आवरत नाही. झोप गेलीच आहे.

यू-१ ज्या खुणेला सर्वांत घट्ट बसतो ती सहा अक्षरं: जी-यू-ए-ए-जी-यू. बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनची सुरुवात: जी-यू-यू-जी-जी-यू. म्हणजे निरोगी माणसातही तिसरं आणि चौथं जुळत नाही. पकड आधीच ढिली, पण पाचवं आणि सहावं सांभाळून घेतात. भाचीच्या एका प्रतीत आहे जी-यू-यू-जी-सी-यू. पाचवं गेलं आणि पकड सुटली. मग यू-१ आसपास दुसरी जागा शोधतो. तीन सापडतात: खऱ्या जागेच्या १६ अक्षरं आधी, ३८ अक्षरं आधी आणि १२ अक्षरं पुढे. १६ आणि ३८ ना तिनाने भाग जात नाही. रमण आणि फणस दोघांचं काय होतं ते वर आलंच आहे.

त्या १६ वाल्या जागेची गंमत अशी की ती एक्झॉनमध्ये आहे आणि एरवी झोपलेली असते: जी-यू-जी-ए-जी-जी. ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये दिसणाऱ्या हिमोग्लोबिन-ई मध्ये नेमकं इथलंच तिसरं अक्षर बदलतं आणि होतं जी-यू-ए-ए-जी-जी. आदर्श खुणेच्या एक पाऊल जवळ! मग काही प्रती तिथेच चुकीच्या कापल्या जातात. पुस्तकात हिमोग्लोबिन-ई म्हणजे "एक अमिनो आम्ल बदललं" इतकंच असतं. खरं तर साखळीही बदलते आणि कमीही पडते, एकाच अक्षराने.

बखरबहाद्दर | बुधवार, सकाळी ९:००

इतिहासवाल्याची लुडबुड. व्हिक्टोरिया राणीच्या वंशातला हिमोफिलिया, ज्याने रशियाच्या राजपुत्राला गाठलं आणि रास्पुतिनला राजवाड्याचं दार उघडून दिलं, तोही यातलाच. २००९ मध्ये रोमानोव्ह घराण्याच्या अस्थींमधून रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर-नऊचं जनुक वाचलं गेलं. तिसऱ्या इंट्रॉनच्या शेवटाकडे एका ए चा जी झालेला. त्यामुळे खऱ्या ए-जी च्या दोन अक्षरं आधीच नवं ए-जी तयार झालं, दोन अक्षरं जास्त शिरली आणि पुढचं सगळं वाचन सरकलं.

सातवीतली_आई | बुधवार, दुपारी १२:२०

मध्यंतरी लहान बाळांसाठी १६ कोटींच्या इंजेक्शनकरता वर्गणी गोळा होत होती. ते स्प्लायसिंगवरचं औषध होतं का? मुलीने विचारलं, मला सांगता आलं नाही.

चार्ल्सकाठचा | बुधवार, सायंकाळी ७:४०

नाही. ते स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीसाठी, म्हणजे एसएमएसाठी. त्यात विषाणूच्या पाकिटातून जनुकाची नवी प्रत देतात. पण त्याच आजारावर स्प्लायसिंगचंही औषध आहे, आणि मला त्याची गोष्ट जास्त आवडते.

या मुलांचं एसएमएन-१ जनुक निकामी असतं. पण त्यांच्याकडे त्याचं जवळजवळ जुळं भावंड एसएमएन-२ असतं. कळीचा फरक सातव्या एक्झॉनमधल्या एका अक्षराचा. सी च्या जागी टी. त्या अक्षराने अमिनो आम्ल बदलत नाही, पण सांधणी यंत्राला सातवा एक्झॉन नीट दिसत नाही आणि बहुतेक वेळा ते त्याच्यावरून उडी मारून जातं. प्रथिन अर्धवट, टिकत नाही. मग २००६ मध्ये अमेरिकेत रवींद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सातव्या इंट्रॉनच्या सुरुवातीलाच एक ब्रेकसारखा पट्टा आहे. तिथे बसणारी प्रथिनं एक्झॉन दडवतात. तो पट्टा झाकायचा. १८ अक्षरांचा एक कृत्रिम तुकडा तिथे चिकटवला की ब्रेक सुटतो आणि सातवा एक्झॉन आत येतो. अॅड्रियन क्रेनर यांच्या प्रयोगशाळेच्या कामातून हे औषध उभं राहिलं, नाव नुसिनर्सेन. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पाठीच्या कण्यातून देतात, आधी चार डोस, मग दर चार महिन्यांनी. २०२० मध्ये तोंडाने घ्यायचं रिसडिप्लाम आलं. तेही सातवा एक्झॉन आत आणण्याचंच काम करतं.

मुलीला सांगा, जनुक दुरुस्त केलं नाही. कात्री धरणाऱ्याचा हात धरला.

शेवंती_क | शनिवार, सकाळी ११:०५

रिग उतरून जावई थेट लॅबमध्ये गेला. आज सकाळी रिपोर्ट आला. एचबी-ए-टू २.७, पेशींचा आकारही ठीक. म्हणजे बाळ फार तर मायनर. नणंदेने देवाजवळ साखर ठेवली, मी काचपट्टींना मनातल्या मनात ठेवली.

भाचीला काल मायेची उपमा सांगितली. म्हणाली, "म्हणजे माझ्या मायेत चूक आहे." काही बोलले नाही मी. मग दोघी हसलो.

काचपट्टी | शनिवार, सकाळी ११:४०

उत्तम बातमी. बाळ झाल्यावर त्याची तपासणी वर्षभराने करा, त्याआधी गर्भातलं हिमोग्लोबिन वाचन बिघडवतं.

ओएफसीवाला | शनिवार, दुपारी २:१५

गप्प बसतो म्हटलं होतं, पण एक विचारायचं राहिलं. दोन वर्षं हिमोग्लोबिन ११.८ च्या वर जात नाही. लोहाच्या गोळ्या खाऊन पोट बिघडलं. वर मायनरबद्दल वाचलं आणि जुने रिपोर्ट काढले. नक्की काय बघू?

काचपट्टी | शनिवार, दुपारी २:२२

आरबीसी काउंट, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, आणि एमसीव्ही, म्हणजे त्यांचा सरासरी आकार.

ओएफसीवाला | शनिवार, दुपारी २:३०

आरबीसी ६.१, एमसीव्ही ६४.

काचपट्टी | शनिवार, दुपारी २:४१

६४ भागिले ६.१ म्हणजे साडेदहा. हा आकडा १३ च्या खाली असेल तर लोहाच्या कमतरतेपेक्षा मायनरचा संशय जास्त. हिमोग्लोबिन कमी आणि पेशींची संख्या मात्र जास्त, हे लोह कमी असताना सहसा दिसत नाही. निदान नव्हे, नुसता संशय. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि एचपीएलसी एकदमच करा, कारण लोह खरंच कमी असेल तर ए-टू खोटं कमी दिसू शकतं. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांशी बोला, परस्पर खात राहू नका. लग्न झालंय?

ओएफसीवाला | शनिवार, दुपारी २:४८

साखरपुडा झालाय. लग्न मार्गशीर्षात.

काचपट्टी | शनिवार, दुपारी २:५०

मग तुमचा रिपोर्ट आला की तिचाही.

ओएफसीवाला | शनिवार, दुपारी ३:०४

सोमवारी सिन्नरला जॉइंट आहे, येताना रक्त देतो. तिला काय सांगू पण? घाबरेल.

काचपट्टी | शनिवार, दुपारी ३:१०

आत्ता मला सांगितलंत तेच आणि त्याच क्रमाने. लग्नाच्या याद्यांमध्ये पंधरा मिनिटं काढा. फोनवर नको, समोर बसून.